सल्ला हवा: बायोमटेरियल्स की स्पोर्ट्स बायोमेकॅनिक्स? एकाच कॉन्फरन्सला जाता येणार आहे

स्क्रू_ढिला
नमस्कार मंडळी. पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे आणि काम दोन डगरींवर उभं आहे. एसीएलच्या (गुडघ्यातल्या एका लिगामेंटच्या) शस्त्रक्रियेत नवा लिगामेंट (ग्राफ्ट) हाडातल्या बोगद्यात पकडून ठेवायला जो इंटरफिअरन्स स्क्रू घालतात, तो शरीरात विरघळणाऱ्या पॉलिमरचा करून तो किती ताण दिल्यावर उपटला जातो, हे मोजणं हा पहिला भाग, म्हणजे बायोमटेरियल्स. शस्त्रक्रिया झालेले खेळाडू उडी मारून उतरतात तेव्हा गुडघ्यावर किती मोमेंट (सांधा वळवू पाहणारा जोर) येतो, हा दुसरा, म्हणजे स्पोर्ट्स बायोमेकॅनिक्स.

पर्याय असे आहेत:
१) बायोमटेरियल्स, बायोमेडिसिन आणि स्पोर्ट्स बायोमेकॅनिक्स एकाच छताखाली असलेली छोटी कॉन्फरन्स
२) निव्वळ बायोमेकॅनिक्सची
३) निव्वळ बायोमटेरियल्सची

बजेट: विभाग एकाच कॉन्फरन्सची विद्यार्थी फी देणार. प्रवास आणि राहणं माझ्या खिशातून, म्हणजे रात्रीच्या गाडीने पोचता येईल तेवढ्याच अंतरावर. परदेशातलं काही सुचवू नका, प्लीज. तोंडी सादरीकरण मागू की पोस्टर, तेही सांगा.

जुनाजाणता
माणसाने आयुष्यात एकदा तरी वर्ल्ड बायोमटेरियल्स काँग्रेस पाहावी. चार वर्षांतून एकदाच भरते. २०२० ची ग्लासगोची ऑनलाइन झाली, त्यामुळे सगळेच हिरमुसले होते. २०२४ ला दक्षिण कोरियात देगूला मात्र काय ती गर्दी! मी होतो तिथे. ज्यांचे पेपर वाचून आपण मोठे झालो ती माणसं चहाच्या रांगेत आपल्या पुढे उभी असतात. छोट्या कॉन्फरन्सला जाऊन काय मिळतं? एक पिशवी आणि एक पेन.

स्क्रू_ढिला
सर, बजेट वर लिहिलंय.

जुनाजाणता
ट्रॅव्हल ग्रँटला अर्ज करा. आमच्या वेळी आम्ही करायचो.

मांडीचं_हाड
पर्याय २, डोळे झाकून. बायोमेकॅनिक्सवाल्यांना तुमचा डेटा कळेल, मटेरियलवाले फक्त स्क्रूचा फोटो बघून पुढे जातील. आयएसबीएस, म्हणजे खेळातल्या बायोमेकॅनिक्सची आंतरराष्ट्रीय संस्था, दरवर्षी कॉन्फरन्स घेते. तिथे जाणं जमत नसेल तरी त्यांचे जुने पेपर नेटवर फुकट आहेत, ते नक्की चाळा. उडी मारून उतरण्यावर भरपूर सापडेल. (आयएसबी वेगळी बरं का. ती १९७३ ची, तिची काँग्रेस दोन वर्षांतून एकदा. लोक दोन्हींत हमखास गल्लत करतात.)

एक विचारतो, मार्कर (हालचाल टिपायला कातडीवर चिकटवतात ते ठिपके) आणि फोर्स प्लेट (पायाचा जोर मोजणारी जमिनीतली पाटी) यांचा डेटा कितीला फिल्टर केलाय?

स्क्रू_ढिला
मार्कर २०० हर्ट्झने घेतलेत, प्लेट १००० ने. मार्करना १० हर्ट्झचा लो-पास (त्याहून जलद चढउतार गाळणारा फिल्टर) लावला, फोर्सला ५०. आमच्या लॅबमध्ये आधीपासून तसंच चालत आलंय.

मांडीचं_हाड
अरे देवा.

शून्य_विलंब
अरे देवा +१. याच आकड्यांवर हॉलमध्ये पहिला हात वर होणार. पाय जमिनीला टेकतो त्या क्षणी फोर्स एकदम उसळतो. तो तुम्ही जवळजवळ तसाच ठेवलाय आणि पायाची हालचाल मात्र १० हर्ट्झने गुळगुळीत केलीय. मग इन्व्हर्स डायनॅमिक्सला (हालचाल आणि फोर्सवरून सांध्यावरचा मोमेंट काढणाऱ्या गणिताला) वाटतं की इतका धक्का बसूनही पाय तितका मंदावलाच नाही, आणि हिशेब जुळवायला ते गुडघ्यावर एक खोटा मोमेंट टाकून देतं. आलेखात तो सुळक्यासारखा दिसतो आणि आपण त्यालाच 'इजेचा धोका' म्हणत बसतो. २०१२ मध्ये क्रिस्टियान्सलंड, क्रोशॉग आणि व्हॅन डेन बोगर्ट यांनी नेमकं हेच दाखवलं होतं. दोन्हींना एकच कटऑफ (गाळण्याची सीमा) लावा.

मांडीचं_हाड
पण एकच म्हणजे किती? १० ला दोन्ही नेलं तर खरा शिखरबिंदूही चपटा होतो. मी १५ लावतो.

शून्य_विलंब
मी २०. रेसिड्युअल अॅनालिसिस (डेटा बघून कटऑफ ठरवायची पद्धत) केल्याशिवाय १५ म्हणणं म्हणजे अंगठा लावणं.

मांडीचं_हाड
आणि मांडीवरचा मार्कर कातडीबरोबर सेंटीमीटरभर सरकतो, त्याचं काय? तिथे तुमच्या २० हर्ट्झला काय अर्थ उरतो?

शून्य_विलंब
तो वेगळा मुद्दा आहे. कातडीची चूक फिल्टरने जात नाही हे मलाही ठाऊक आहे. म्हणून फिल्टर चुकीचा लावायचा का?

धागापाल
फिल्टरची चर्चा उपयोगाची आहे, पण तिचा वेगळा धागा काढता येईल. मूळ प्रश्न कॉन्फरन्सचा आहे.

दहा_नंबरी
माझ्या गुडघ्यात टायटेनियमचा स्क्रू आहे. काही वर्षं झाली, अजून फुटबॉल खेळतो. विरघळणाऱ्याची गरजच काय? जे चांगलं चाललंय ते बदलायची या संशोधकांना फार हौस. आयडी मात्र झकास घेतलाय, हलके घ्या.

जुनाजाणता
अहो, टायटेनियमच्या मिश्रधातूचा लवचिकता गुणांक (म्हणजे ताठपणा) साधारण ११० गिगापास्कल, कठीण हाडाचा २० च्या आतबाहेर. सगळा भार धातू उचलतो, हाडाला कामच उरत नाही आणि ते झिजतं. स्ट्रेस शील्डिंग म्हणतात याला. देगूला यावर एक अख्खं सत्र होतं.

खिळेकरी_डॉक्टर
ते मांडीच्या हाडात घातलेल्या लांब दांड्यासाठी बरोबर आहे. बोगद्यातल्या एवढ्याशा स्क्रूसाठी आमची डोकेदुखी निराळी असते. धातू असला की पुढे एमआरआयमध्ये त्याच्याभोवती काळंपांढरं विकृत चित्र येतं आणि ग्राफ्ट धड दिसत नाही. आणि ग्राफ्ट पुन्हा फाटला की दुसऱ्या शस्त्रक्रियेत जुना स्क्रू नेमका नव्या बोगद्याच्या वाटेत आडवा येतो. दहा_नंबरी, तुमचा छान चाललाय तर चालू द्या, कुणी काढायला येत नाहीये.

आता धागाकर्त्यासाठी. तुमचे दोन भाग एकत्र मांडणार असाल तर आधी एक गोष्ट स्वतःला विचारा. स्क्रूचं खरं काम शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत असतं. त्या काळात ग्राफ्टपेक्षा त्याची पकडच कमकुवत असते. पुढे कंडरा हाडात रुजते आणि स्क्रूवरचा भार कमी होत जातो. तुम्ही खेळाडूंच्या उड्या मोजल्यात त्या कधीच्या? शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आसपासच्या असतील तर त्या आकड्यांचा तुमच्या स्क्रूच्या उपटण्याच्या ताकदीशी थेट संबंध काय? मला तरी दिसत नाही. दोन वेगळे पेपर करा.

स्क्रू_ढिला
नऊ ते बारा महिने. डॉक्टर, हे गेले दोन आठवडे मलाही खुपतंय, पण गाइडना 'एकसंध गोष्ट' हवी आहे.

खिळेकरी_डॉक्टर
गाइडना सगळ्यांनाच एकसंध गोष्ट हवी असते.

टाचणी
पोस्टर घेऊ नका एवढंच सांगते. एका कॉन्फरन्सने कळवलं होतं, ए-झीरो उभा. पोचले तर फळे सगळे आडवे. माझं पोस्टर फळ्याखाली लोंबत होतं आणि निकालांचा अख्खा भाग गुडघ्याच्या उंचीवर आला. ज्याला निकाल बघायचे त्याने उकिडवं बसायचं. एक ज्येष्ठ बाई बसल्या, त्यांना उठवायला मलाच हात द्यावा लागला. आयोजकांचं उत्तर काय, तर 'पुढच्या वेळी लक्षात ठेवू'. तोंडी सादरीकरण मागा. दहा मिनिटं बोला, मोकळे व्हा.

अर्धमॅरेथॉन
कापडावर छापून घ्या पोस्टर. घडी करून सॅकमध्ये जातं, नळकांडं मिरवत फिरावं लागत नाही.

तुम्ही सगळे जाणकार आहात म्हणून विचारतो, मला जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं. जाड तळव्याचे बूट घेऊ की पातळ?

मांडीचं_हाड
पातळ. पण हळूहळू सवय करा.

दहा_नंबरी
जाड! पातळ घेऊन माझ्या भावाची पोटरी गेली.

धागापाल
बुटांचा धागा वेगळा. यापुढचे बुटांवरचे प्रतिसाद उडवले जातील.

कोरडं_पान
मी ग्रंथालयात काम करते, माझा मुद्दा वेगळा. पर्याय १ मध्ये जे तीन-तीन विषय एका नावात आहेत, त्याने माझे कान टवकारले. अशा नावांच्या प्रामाणिक कॉन्फरन्सही असतात, पण पैसे उकळणाऱ्यांचीही हीच रीत असते: जितके विषय जास्त तितकी गिऱ्हाइकं जास्त. ओमिक्स ही प्रकाशन कंपनी आठवत असेल. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्यांच्यावर दावा लावला आणि २०१९ मध्ये न्यायालयाने ५ कोटी डॉलरहून जास्त रकमेचा निकाल दिला. त्यात जर्नलांबरोबर कॉन्फरन्सही होत्या. येणार नसलेल्या किंवा होकारही न दिलेल्या शास्त्रज्ञांची नावं जाहिरातीत छापल्याचा आक्षेप होता.

म्हणून फी भरण्याआधी गेल्या वेळचा कार्यक्रम उतरवून घ्या, सत्रांच्या वेळांसकट. तो मिळतच नसेल तर तिथेच थांबा. वैज्ञानिक समितीतल्या एखाद्या व्यक्तीला तिच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर मेल करा, साइटवरच्या नव्हे, आणि सरळ विचारा की तुम्ही खरंच या समितीत आहात का. अॅबस्ट्रॅक्ट पाठवल्यावर दुसऱ्याच दिवशी 'अभिनंदन' आलं तर ते कुणी वाचलेलं नाही. आणि 'स्कोपस इंडेक्स्ड' (स्कोपस या शोधनिबंधांच्या सूचीत नोंदलेलं) हे शब्द पोस्टरवर कुणीही छापू शकतं, त्या प्रोसीडिंग्जचे (कॉन्फरन्सच्या पेपरसंग्रहाचे) मागचे अंक स्कोपसमध्ये स्वतः शोधून बघा.

जुनाजाणता
हेच मी म्हणत होतो. म्हणून मोठ्याच कॉन्फरन्सला जावं.

कोरडं_पान
तुम्ही हे म्हणत नव्हता.

मऊ_ऊती
वर पर्याय २ सुचवलाय, मी ३ म्हणते. कारण स्क्रूचाच भाग तुमचा स्वतःचा आहे, उड्या सगळेच मोजतात. पॉलिलॅक्टिक आम्ल (अशा स्क्रूंचं नेहमीचं पॉलिमर) विरघळताना आजूबाजूला आम्लता वाढते, बारीक तुकडे सुटतात, शरीर त्यावर सूज आणतं. तुमचा स्क्रू नुसता कोरडा उपटून बघितलाय, की ३७ अंशांच्या फॉस्फेट बफरमध्ये (शरीरातल्या द्रवासारख्या खारट पाण्यात) आठवडेच्या आठवडे मुरवूनही? मुरवला नसेल तर बायोमटेरियल्सच्या हॉलमध्ये कुणी उभं करणार नाही. मुरवला असेल तर तिथेच जा, नीट प्रश्न तिथेच येतील.

स्क्रू_ढिला
मुरवलाय. २४ आठवडे. वजन फारसं घटत नाही, पण ताकद आधी घसरते.

मऊ_ऊती
तसंच होतं. साखळ्या आधी तुटतात, तुकडे नंतर बाहेर पडतात. मग विषयच संपला, पर्याय ३.

खिळेकरी_डॉक्टर
मुरवलाय म्हणताय तर आणखी एक सांगतो. काही विरघळणाऱ्या स्क्रूंमध्ये बोगदा रुंदावणं आणि सांध्यात पाणी होणं धातूच्या मानाने जास्त दिसल्याचे अहवाल आहेत. बोगदा रुंदावतो तो महिन्यांच्या हिशेबात, आठवड्यांच्या नव्हे. तुमच्या खेळाडूंपैकी कुणाला विरघळणारा होता, कुणाला धातूचा, याची नोंद आहे का? नऊ महिन्यांचं स्कॅन? ते असेल तर दोन भागांमधला दुवा तिथे सापडू शकतो. वर मी संबंध दिसत नाही म्हणालो ते ताकदीबद्दल होतं. तरीही सल्ला तोच, वेगवेगळं मांडा.

शून्य_विलंब
आणि फिल्टर.

स्क्रू_ढिला
सगळ्यांचे आभार. फी भरली. पर्याय १, पोस्टर, दोन्ही भाग एकत्र.

थांबा, शिव्या घालण्याआधी ऐका. कोरडं_पान यांनी सांगितलं तसं गेल्या वेळचा कार्यक्रम मिळवला. सत्रं खरी वाटली, आणि तिन्ही विषयांची पोस्टरं एकाच हॉलमध्ये एकाच वेळी होती. समितीतल्या एका अस्थिशल्यविशारदांना विद्यापीठाच्या पत्त्यावर मेल केला. त्या खरंच समितीत आहेत, आणि त्यांनी उलट मलाच विचारलं की तुमच्या खेळाडूंचे बोगदे मोजलेत का. स्क्रूच्या प्रकाराची नोंद आहे, स्कॅन काहींचेच आहेत. तोंडी बोलले असते तर दहा मिनिटांत एकसंध गोष्ट रेटावी लागली असती, आणि ती अजून माझ्याकडे नाही. पोस्टरपाशी एखादा स्क्रूवाला आणि एखादा उड्यावाला एकाच वेळी उभे राहिले तर त्यांना एकमेकांशी भांडू देता येईल. प्रोसीडिंग्जमध्ये पूर्ण पेपर देणार नाही, फक्त अॅबस्ट्रॅक्ट. पेपर नंतर जर्नलला, बहुधा दोन वेगवेगळे. फिल्टर बदलतेय. सुळका खरंच निम्म्याहून खाली आला.

मांडीचं_हाड
इतकं सांगून शेवटी १. छान. कितीला केला कटऑफ?

जुनाजाणता
आजकालच्या मुलांना सल्ला फक्त मागायचा असतो.

टाचणी
फळे उभे की आडवे ते लेखी मागवून घ्या. फोनवर नको.

मऊ_ऊती
२४ आठवड्यांचा आलेख पोस्टरवर वरच्या अर्ध्यात लावा, मोमेंटचा खाली. मटेरियलवाले खाली बघत नाहीत.

शून्य_विलंब
मोमेंटचा वर लावा.

नवखा_०७
मीही याच कॉन्फरन्सला अॅबस्ट्रॅक्ट पाठवायचं म्हणतोय, पण डेटा अजून अर्धाच आहे. शेवटची तारीख वाढते का?

जुनाजाणता
नेहमी वाढते.

कोरडं_पान
पुष्कळदा वाढते, पण सवलतीच्या फीची तारीख वाढेलच असं नाही. ती आधी बघून घ्या.