मदत हवी आहे : आईच्या स्टॅगहॉर्न फर्नला पुण्यात पाणी किती आणि कसं द्यावं?

नमस्कार. गेल्या डिसेंबरात चिपळूणचं घर बंद केलं, तेव्हा आईच्या हातचं एकच झाड मी पुण्याला आणलं. स्टॅगहॉर्न फर्न. आई त्याला सांबरशिंगच म्हणायची. सागाच्या फळीवर तंगुसाने बांधलेलं आहे, बारा-तेरा वर्षांचं असेल. तिकडे ते पडवीच्या खांबावर होतं. आई येता-जाता तांब्याभर पाणी मारायची, कधी केळ्याची सालं मागे खोचायची, बाकी काही नाही. माझ्याकडे पाच महिन्यांत त्याची दशा झाली आहे, आणि मला ते जगवायचंच आहे.

आता ते तिसऱ्या मजल्यावर, पूर्वेच्या बाल्कनीत, ग्रिलला टांगलेलं आहे. साडेनऊपर्यंत कोवळं ऊन, मग उजेड. मार्चपर्यंत मी रोज सकाळी स्प्रेने पानं ओली करत होते. एप्रिल लागला तशी शिंगांची टोकं वाळायला लागली, पानं खाली लोंबायला लागली. पाणी कमी पडतंय असं वाटून रोज संध्याकाळी आख्खी फळी टबात तासभर बुडवायला लागले. दोन आठवडे बरं वाटलं. आता फळीला चिकटलेल्या गोल पानांवर, अगदी बुडाशी, काळे मऊ डाग आलेत, आणि टोकं अजूनही वाळतातच. म्हणजे पाणी जास्त झालं की कमी, हेच कळेनासं झालंय.

आणखी तीन शंका. आमच्याकडे बोअरचं पाणी येतं, बादलीला पांढरा थर धरतो. ते चालेल का? जुनी गोल पानं तपकिरी, कागदासारखी झालीत. शेजारच्या काकू म्हणाल्या ती काढून टाक, नवीन फुटेल. एक अर्धं सोललं आणि आत मुळांचं जाळं दिसलं तशी थांबले. पानांवर पांढरी धूळ बसते ती ओल्या फडक्याने पुसत होते, तेही चुकलं का? आणि केळ्याची सालं घालू का, तेही सांगा.

प्रतिसाद

ताई, सगळ्यात आधी : ते सोलणं थांबवलंत हे फार बरं केलंत. तपकिरी ढाली, म्हणजे तुमची ती फळीला चिकटलेली गोल पानं, मेलेला कचरा नव्हेत. त्याच मुळांना झाकतात, पाणी धरतात, वरून पडणारा पालापाचोळा अडवून खत करतात. आपल्या सह्याद्रीतलं बाशिंग नावाचं नेचं (फर्न) बघा, झाडाच्या खोडावर तपकिरी टोपलीसारखी पानं घेऊन बसलेलं असतं. काम तेच. ढाल हिरवी येते, काही महिन्यांनी तपकिरी होते, आणि मग नवी ढाल तिच्यावरच चढते. अर्धवट सुटलेला तुकडा तंगुसाने परत बांधून ठेवा.

पांढरी धूळ म्हणजे बारीक लव आहे. पानातलं पाणी उडू नये म्हणून झाड ती धरतं. पुसलेली परत येत नाही, तेव्हा फडकं बंद. नवीन पानं लव घेऊनच येतील.

आता पाणी. तुमच्याकडे दोन्ही चुका एकापाठोपाठ झाल्यात, म्हणून लक्षणंही दोन्ही दिसताहेत. स्प्रेने पानं भिजत होती, पण ढालीमागचा मॉस (मुळांभोवती भरलेलं शेवाळ) आणि मुळं कोरडीच राहत होती. त्यातून टोकं वाळली. मग रोज तासभर बुडवल्यावर मुळांना सुकायला वेळच मिळाला नाही, त्यातून बुडाशी काळी कूज आली. ही कूज बुरशीची असते आणि वाळण्यापेक्षा ती जास्त घातक. झाडांच्या खोडांवर वाढणारी ही मंडळी, मुळांना पाण्याइतकीच हवा लागते.

सध्या पाणी पूर्ण थांबवा आणि वारा खेळेल अशा जागी टांगा. ढालीच्या मधोमध जिथून नवीन पान निघतं तो कोंब बोटाने हलकेच दाबा. कडक आणि हिरवट असेल तर झाड वाचलं. मॉस हाताला कोरडा लागला आणि फळी उचलल्यावर हलकी वाटली की मगच पाणी. तेही सकाळी, दहा-पंधरा मिनिटं बुडवून, ठिबकणं थांबेपर्यंत निथळून. माझ्याकडे पुण्यातच मे महिन्यात हे तीन दिवसांनी येतं, थंडीत आठ-दहा दिवसांनी. पण माझे दिवस धरू नका, तुमच्या फळीचं वजन धरा.

बोअरच्या पाण्याने क्षार साठतात, त्यानेही टोकं जळतात. पावसाचं पाणी साठवा. तोवर घरात आरओ असेल तर त्याचं गाळलेलं पाणी वापरा. त्यातून वाया जाणारं पाणी मात्र अजिबात नको, त्यात क्षार आणखी जास्त असतात.

प्रतिसाद

मी ब्रिस्बेनला असते. तुमच्या झाडाला कडेने पिल्लं फुटली असतील तर ते बहुधा प्लॅटिसेरियम बायफर्केटम. ते इथलंच आहे, क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सच्या रानातलं. इथे त्याला एल्कहॉर्न म्हणतात; स्टॅगहॉर्न हे नाव प्लॅटिसेरियम सुपर्बम या मोठ्या जातीसाठी ठेवलंय, तिला पिल्लं येत नाहीत. सांगायचं कारण असं की इथे पाऊस उन्हाळ्यातला. जून ते ऑगस्ट हिवाळा कोरडा जातो आणि झाडं जुन्या ढालींत धरलेल्या ओलाव्यावर तग धरतात. कोरडेपणाची त्यांना सवय आहे, सतत ओलं राहण्याची नाही. केळ्याची सालं इथेही लोक खोचतात, पोटॅश मिळतं. पण कूज असताना नको, नंतर चार बोटांएवढा तुकडा पुरे.

धागाकर्तीचा प्रतिसाद (तीन आठवड्यांनी)

दोघांचेही मनापासून आभार. कोंब कडक होता! नऊ दिवस पाण्याचा थेंब दिला नाही, हात शिवशिवत होते तरी. काळे डाग कोरडे पडले आणि पसरायचे थांबलेत. आता फळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवते. भिजवून निथळल्यावर २ किलो ३०० ग्रॅम भरते, १ किलो ७०० च्या आसपास आली की परत भिजवते. पहिल्यांदा चार दिवस लागले, मग तीनच. काल मधोमध नखाएवढी पोपटी ढाल दिसली. आईला दाखवावी असं वाटलं.

आता एकच प्रश्न. पाऊस तोंडावर आलाय, बाल्कनीत झड येते. तिथेच ठेवू का?

प्रतिसाद

ठेवा. पावसाचं पाणी त्याला आवडेल. फक्त फळी उभीच टांगा, वरची बाजू किंचित पुढे कललेली, म्हणजे ढालीमागे पाणी साचणार नाही, आणि मागे बोटभर फट राहील असा ठोकळा लावा. सलग आठवडाभर झड लागली तर आत पत्र्याखाली घ्या. काटा मात्र पावसाळ्यातही चालू ठेवा. बाहेर दमट असलं तरी आडोशाला टांगलेली फळी आतून सुकते, तेव्हा १ किलो ७०० ला आली की भिजवाच.