मदत हवी आहे: खडकांचं वय काढायचंय, लॅब सुचवा (तातडीचं)

गारगोटी: पुण्यात एमएस्सीला आहे. १४ नमुन्यांचं वय आणि रासायनिक विश्लेषण करायचंय. पावडर तयार आहे. पुढच्या महिन्यात प्रबंध द्यायचाय. कुठे पाठवू? प्लीज लवकर सांगा.

कातळवेडा: आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने वय काढा. आमचं आयआयटी मुंबईत झालं होतं. पण नमुने आधी अणुभट्टीत जातात, एका महिन्यात काही होत नाही.

मुळामुठा: घाटातला बेसॉल्ट ना? डेक्कन ट्रॅप, म्हणजे हे लाव्हाचे थर, ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचा, हे ठरलेलं आहे. परत कशाला काढताय?

गारगोटी: ट्रॅप नाही हो. गोंदियाकडचा बिजली ऱ्हायोलाइट (हाही लाव्हाचाच खडक, पण सिलिका जास्त असलेला), डोंगरगडच्या रिफ्टमधला, म्हणजे भूकवच ताणून पडलेल्या खचातला.

खोदकामे: हे आधी सांगायचं ना! मग आर्गॉन नको. तो पट्टा नंतर तापलाय, तापल्यावर आर्गॉन निसटतो आणि वय कमी दिसतं. याच ऱ्हायोलाइटचं वय पूर्वी रुबिडियम-स्ट्रॉन्शियम पद्धतीने २१८ कोटी वर्षं आलं होतं, झिरकॉन या चिवट खनिजाच्या दाण्यांमधल्या युरेनियम-शिशाच्या प्रमाणावरून २५० कोटींच्या आसपास आलं. झिरकॉनच धरा.

कातळवेडा: खडक कधी तापला हेही कळायला हवंच की. आर्गॉन सरसकट मोडीत काढू नका.

खोदकामे: मान्य, पण इथे लाव्हा कधी बाहेर पडला ते हवंय. गारगोटी, पावडर किती बारीक?

गारगोटी: २०० मेशच्या चाळणीतून गाळलेली. सगळ्या नमुन्यांची.

खोदकामे: अरेरे. म्हणजे ७५ मायक्रॉनखाली. झिरकॉनचे अख्खे दाणे फारसे उरले नसणार. थिन सेक्शन (सूक्ष्मदर्शकासाठीच्या पातळ चकत्या) कापल्यावरचे तुकडे ठेवलेत का?

शीला_म: रासायनिक विश्लेषणाला हीच पावडर चालेल. कुटली कशात? टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यात असेल तर टॅन्टलम-कोबाल्टचे आकडे धरू नका, ते भांड्यातूनच मिसळतात. आणि उघड्या बीकरमध्ये आम्लात विरघळवू नका, झिरकॉन तळाशी तसाच राहतो आणि झिर्कोनियम कमी येतं. माझे सहा महिने यातच गेले. पावडर वितळवून काचमणी करा आणि एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणं) करा. सोडियम-पोटॅशियमवरून खडकाचं नाव ठरवू नका, इतक्या जुन्या खडकात ते जागचे हललेले असतात.

बाणेरकर: आमच्या सोसायटीची बोअर २८० फूट गेली, पाणी नाही. ट्रॅपमध्ये पाणी कुठे लागतं?

मुळामुठा: भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. पण वेगळा धागा काढा.

गारगोटी: कुटायचा खल अगेटचा (अकीक दगडाचा) होता. तुकडे ९ नमुन्यांचे आहेत, हॉस्टेलवर पलंगाखाली. त्यातच झिरकॉन शोधता येईल?

खोदकामे: येईल. पॉलिश करून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघा, उजळ दाणा दिसला की लेसरने तिथल्या तिथे वय काढतात. आजच गाइडना सांगून मुदत वाढवून घ्या. आणि उरलेला एकही तुकडा आता कुटू नका.