नाव न कळणारी फाईल पुसावी की ठेवावी?

निपाणीकर
सी ड्राइव्ह भरला की ज्या फाईलचे नाव समजत नाही ती बेधडक पुसावी, गरजेची असेल तर विंडोज ती पुसूच देणार नाही, असा सल्ला काल येथे दिला गेला. तो वाचून गप्प राहवले नाही. पेजफाईल, म्हणजे रॅम अपुरी पडली की विंडोज वापरते ती डिस्कवरची फाईल, चालू संगणकावर पुसता येत नाही, कारण ती त्या क्षणी वापरात असते. परंतु विंडोजच्या ‘इन्स्टॉलर’ फोल्डरातील एमएसआय आणि एमएसपी (प्रोग्राम बसवण्याच्या व त्यांच्या दुरुस्त्यांच्या) फायली प्रशासकाच्या खात्यातून बिनतक्रार पुसल्या जातात, आणि पुढे एखादा प्रोग्राम दुरुस्त करायची वा काढायची वेळ आली की तो नेमकी तीच फाईल मागतो. आमच्याकडील एका तंबाखूच्या वखारीत असेच झाले. जागा सुटली म्हणून सारे खूश होते. मार्चअखेरीस हिशेबाचे सॉफ्टवेअर ना अद्ययावत होईना, ना निघेना.

टिळकवाडीचा दुरुस्तीवाला
सल्ला माझाच होता, आणि तो १२८ जीबीच्या एसएसडीवर रोज जागा शोधणाऱ्याचा होता. हायबरफिल, म्हणजे हायबरनेट करताना रॅममधले सारे जिच्यात साठते ती एकच फाईल, रॅमच्या साधारण ४० टक्के जागा अडवून बसते. गिऱ्हाईक समोर उभे असताना प्रत्येक फाईलची कुंडली कोण मांडणार?

निपाणीकर
हायबरफिल कशासाठी असते हे आपणांस ठाऊक आहे, म्हणजे ती अनोळखी नव्हेच. शिवाय हायबरनेशन बंद केले की विंडोज ती स्वतःच काढून टाकते. मात्र फास्ट स्टार्टअप, म्हणजे संगणक लवकर सुरू होण्याची सोय, हीही बंद होते, हे गिऱ्हाइकाला सांगता का?

खानापूरची शिक्षिका
एप्रिल २०२५ च्या सुरक्षा अपडेटनंतर सी ड्राइव्हवर ‘इनेटपब’ नावाचे रिकामे फोल्डर उगवले होते. आयआयएस (मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर) बसवलेलेच नाही, मग हे कशाला, असे म्हणून अनेकांनी ते काढले. ते सुरक्षेच्या दुरुस्तीचाच भाग आहे, काढू नका, असे मायक्रोसॉफ्टने नंतर सांगितले. शून्य बाइटचे फोल्डर पुसून कोणती जागा वाचली? आणि गुणधर्मांत डिजिटल स्वाक्षरीचा टॅब दिसत नाही म्हणून फाईल परकी ठरवणाऱ्यांनीही लक्षात घ्यावे, की विंडोजच्या कित्येक फायलींची स्वाक्षरी वेगळ्या कॅटलॉग फाईलमध्ये असते.

टिळकवाडीचा दुरुस्तीवाला
बाई, मायक्रोसॉफ्टने आधी सांगितले असते तर लोकांनी पुसले नसते. आणि १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले, तेव्हा ड्रायव्हर्समधली एक फाईल पुसणे हाच उपाय होता. तिचे नाव तरी कोणाला कळत होते?

शहापूरचा डीटीपीवाला
तिथे कोणती फाईल पुसायची हे कंपनीने नेमके सांगितले होते. आमच्याकडे मात्र एका दुरुस्तीवाल्याने फॉन्ट्स फोल्डरातल्या ‘विचित्र नावाच्या’ फायली स्वतःच्या अकलेने उडवल्या. बेळगावात एकाच टेबलावर मराठी लग्नपत्रिका आणि सरकारी कचेरीसाठी कन्नड अर्ज तयार होतात; नुडी या कन्नड सॉफ्टवेअरचे फॉन्ट गेले, जुने मराठी फॉन्ट गेले, आणि वर्षानुवर्षांच्या मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा उरला. ऐन लग्नसराईत!

टिळकवाडीचा दुरुस्तीवाला
युनिकोडच्या, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरसंकेताच्या, जमान्यात असले फॉन्ट जपणाऱ्याने दुसऱ्याला दोष देऊ नये.

शहापूरचा डीटीपीवाला
उपदेश नको. जुना मजकूर युनिकोड परिवर्तकातून काढला तरी जोडाक्षरे हाताने तपासावी लागतात. ती मजुरी आपण देणार का? आमच्या धंद्याचे काय कालबाह्य झाले, हे आम्ही ठरवू.

खानापूरची शिक्षिका
मजकूर पुसला गेलेला नाही, हे मात्र खरे. तोच फॉन्ट पुन्हा बसवला की तो वाचता येईल.

शहापूरचा डीटीपीवाला
कोणता फॉन्ट होता हे आठवले, तर! यादीसुद्धा न करता पुसले होते.

टिळकवाडीचा दुरुस्तीवाला
बरे, हरलो. यापुढे अनोळखी फाईलला हात लावण्याआधी संपूर्ण ड्राइव्हची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेईन. डिस्कचे पैसे निपाणीकरांनी पाठवावेत, आणि त्या प्रतीला लागणाऱ्या तासाभरात गिऱ्हाइकाला चहा शहापूरकरांनी पाजावा.

निपाणीकर
डिस्कचे पैसे गिऱ्हाइकाच्या बिलात लावा. वखारवाल्याने ते आनंदाने दिले असते.