गावात मनाच्या त्रासावर बैठक चालू केलीय, पण माणसं येईनात

तासगावची_ताई: मी आशा सेविका. चार महिने दर गुरुवारी समाजमंदिरात बैठक घेते, असलं आमच्याकडं आधी कुणी केलेलं नाही. सतरंजी टाकते, चहाचा थर्मास भरून नेते आणि बऱ्याचदा तसाच परत आणते. लोक म्हणतात वेड्यांची मीटिंग. मागच्या गुरुवारी एक मावशी आल्या, तासभर पदराचं टोक पिळत बसल्या, जाताना एवढंच म्हणाल्या, "फुडच्या गुरवारी हाय न्हवं?" त्यावर आठवडा काढला. पण किती दिवस रेटू?

मिरजकर: ताई सोडू नका. 1980 च्या दशकात कर्नाटकातल्या बेल्लारीत गावोगावी मनाच्या आजारांवर उपचार पोचवायचा प्रयोग झाला, त्यावरून 1996 ला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम निघाला, म्हणजे सरकारलाही वेळ लागलाच की. आणि छाटणीच्या दिवसात दुपारी कोण येणार, रात्री जेवणं झाल्यावर ठेवून बघा. 'झोप लागत नाही का' असं विचारा, मनाचा आजार म्हटलं की माणूस दचकतो.

वारकरी_पलूस: माझ्या भावाला आईनं आधी देवऋषाकडंच नेलं होतं. डॉक्टरनी आईला रागावलं नाही, म्हणाले माळ घाला, वारी करा, फक्त गोळी चुकवू नका. म्हणून भाऊ टिकला. तुम्ही पण कुणाच्या श्रद्धेला हात लावू नका.

मिरजकर: हो, आणि टेलि मानस म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, तिचा 14416 नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्री पण.

तासगावची_ताई: उद्याच लिहिते. मावशींच्या घरी पण जाऊन येते.