मदत हवी आहे: फ्रीबीएसडीचा बिल्डवर्ल्ड क्लँगपाशी पडतो

नमस्कार मंडळी. नांदेडला लॅबमधली मशीन 4 कोअरची, 8 जीबी रॅमची. त्यावर फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या 13 व्या आवृत्तीची सोर्स ट्री (पूर्ण मूळ कोड) आहे. 'मेक -जे8 बिल्डवर्ल्ड' (मूळ प्रणाली सोर्सवरून बांधणारी आज्ञा, एका वेळी 8 कामं) दिलं की क्लँग या कंपायलरच्या स्वतःच्या मोठ्या सी-प्लस-प्लस फायलींवर कंपायलर 'किल्ड' होतो, डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) 'आउट ऑफ स्वॅप स्पेस' येतं, म्हणजे रॅम भरल्यावर वापरायची डिस्कवरची जागाही संपली. तेव्हा दोष कोडचा नाही, मेमरी कमी पडते. -जे3 वर निभतं, पण मधेच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून, कारण बिल्डवर्ल्ड जुन्या ऑब्जेक्ट फायली (आधी कंपाइल झालेले तुकडे) आधी साफ करतो. लोडशेडिंगच्या दिवसांत हे परवडत नाही.

फाइलमॉन मॉड्यूल (कोणती आज्ञा कोणत्या फायली वापरते याची नोंद ठेवणारं) लोड करून मेटा मोड, म्हणजे त्या नोंदींवरून फक्त बदललेलंच पुन्हा बांधायची पद्धत, लावायचा विचार आहे. लाइट जाताना अर्धवट लिहिलेली ऑब्जेक्ट फाइल तो पूर्ण समजून पुढं जाईल का? की ती फाइल असलेली डिरेक्टरी हातानं उडवावी लागते? आणि 4 जीबी स्वॅप वाढवला तर -जे4 झेपेल का? ज्यांनी केलंय त्यांनी नक्की सांगा.