कस्टम लूप खरंच गळतोय की मला भास होतोय? ग्राफिक कार्डच्या बॅकप्लेटवर थेंब सापडला

नागपुरी_गेमर:
नमस्कार मंडळी. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने कस्टम लूप (पीसी पाण्याने थंड ठेवायचा नळ्यांचा बंद फेरा) बनवला, आज बारा दिवस झाले, त्यातले शेवटचे तीन दिवस नुसतं टेन्शन घेऊन राहिलो. वर ३६० मिमीचा रॅड (रेडिएटर), पुढे २४० चा, डी५ पंप रिझर्व्हॉयरसकट (पाण्याची टाकी), प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोन्हीवर ब्लॉक (आतून पाणी फिरून चिप थंड करणारा ठोकळा), ट्यूब सॉफ्ट, आतून १० बाहेरून १६ मिमीची. कूलंट (लूपमध्ये भरायचं पाणी) रेडीमेड पण बिनरंगी घेतलं, रंगाचा गाळ ब्लॉकमध्ये बसतो असं वाचलं होतं म्हणून, आता पस्तावतोय कारण कुठे काय ओलं आहे ते दिसतच नाही.

तर झालं असं की रिझर्व्हॉयर मी काठोकाठ भरला होता आणि आता पातळी बरोबर १ सेंमी खाली आहे, पट्टी लावून मोजली. आणि परवा रात्री तीन तास गेम खेळलो, बंद करून झोपलो, सकाळी टॉर्च मारून बघतो तर कार्डाच्या पाठीच्या पत्र्यावर, म्हणजे बॅकप्लेटवर, एक थेंब, मसुराच्या दाण्याएवढा. पुसला. काल खेळलो नाही, आज सकाळी काही नाही. शिवाय बाजूच्या काचेवर आतून बारीक बारीक पांढरे ठिपके आहेत ते वेगळेच. सगळी फिटिंग (ट्यूब जोडायचे सांधे) पुन्हा आवळू का? थोडं पाणी टॉपअप करून अजून दोन दिवस वाट बघू का? कार्ड अजून ईएमआयवर आहे हो.

डोंबिवली_फास्ट:
अरे घाबरू नकोस, हे लीक नाहीच. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं ना, तसं ब्लॉकला सुटलं असणार. आमच्याकडे पावसाळ्यात फ्रीजच्या दारालासुद्धा सुटतं.

जुना_मिस्त्री:
डोंबिवलीकर, तांब्याला पाणी सुटतं कारण तांब्यातलं पाणी खोलीपेक्षा थंड असतं. लूपमध्ये उलटं आहे. रॅड पाण्यातली उष्णता खोलीच्या हवेला देतो, त्यामुळे पाणी जास्तीत जास्त खोलीएवढं थंड होईल, त्याच्या खाली जाणारच नाही, खेळताना तर ते खोलीपेक्षा १०-१५ डिग्री गरमच असतं. गरम भांड्याला बाहेरून दव कसं धरेल? पाणी खोलीपेक्षा थंड करणारा चिलर किंवा पेल्टियर लावला असता तर गोष्ट वेगळी. या पठ्ठ्याने तसं काही लावलेलं दिसत नाही.

नागपुरी, आधी मशीन बंद कर आणि मागून वायरच काढून ठेव. टॉपअप करू नकोस, पातळी हाच तुझा एकमेव पुरावा आहे, तोच बुजवून टाकशील. आणि आंधळेपणाने आवळू तर अजिबात नकोस, निम्मे लीक आवळून आवळूनच होतात.

आता पातळीचं बोलू. रिझर्व्हॉयरच्या नळीचा आतला व्यास साधारण ५० मिमी धरला तर १ सेंमी म्हणजे २० मिलीच्या आसपास, चहाचे चार चमचे. चार चमचे पाणी कॅबिनेटमध्ये सांडलं असतं तर खालच्या एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) झाकणावर थारोळं दिसलं असतं, एक थेंब नाही. म्हणजे यातलं बहुतेक पाणी कुठे गेलेलंच नाही. नवीन लूपमध्ये रॅडच्या नळ्यांत हवा अडकलेली असते, ती हळूहळू सुटून रिझर्व्हॉयरमध्ये येते आणि तिची जागा पाणी घेतं. पहिले दोन आठवडे हे चालतंच. सॉफ्ट ट्यूबमधूनही थोडी वाफ निघून जाते, माठ पाझरतो तसंच म्हण, पण त्याचा हिशोब महिन्यांत करायचा, दिवसांत नाही.

पण थेंब हा थेंब आहे. आणि तो खेळलेल्या रात्रीच आला, ही मला यातली सगळ्यात कामाची गोष्ट वाटते. काठोकाठ भरलास तिथेच चूक झाली. पाणी तापून फुगतं, वरची इवलीशी हवा तीही फुगते, बंद लूपमध्ये दाब वाढतो आणि जिथे फिटिंग कच्चं असेल तिथून पाणी डोकं बाहेर काढतं. थंड असताना तेच फिटिंग अगदी साधुसंत. म्हणून आजची सकाळ कोरडी गेली.

वऱ्हाडी_माणूस:
एक विचारू का भाऊ, नागपुरात आहेस, मे महिना आहे, खोलीत कूलर आहे का? खसच्या ताट्यांचा, मोठा, लोखंडी?

नागपुरी_गेमर:
आहे ना, कूलरशिवाय इथे माणूस जगते का. टेबलापासून चार-पाच फुटांवर खिडकीत बसवलेला आहे.

वऱ्हाडी_माणूस:
मग ते पांढरे ठिपके त्याचेच. पंखा फुल असला की कूलर बारीक शिंतोडे मारतो, आपल्याला तोंडावर बरं वाटतं पण पीसीचे पुढचे पंखे तेच आत ओढतात. आमच्याकडे बोरचं पाणी, मॉनिटरवरसुद्धा ठिपके पडायचे. पाणी वाळलं की क्षार मागे राहतो, बोटाने घासलं की खडूसारखा लागतो. तुझ्या कूलंटमध्ये ग्लायकॉल असेल तर ते असं वाळणार नाही, बुळबुळीत राहतं, दोन बोटांत चोळलं की तेलकट लागतं. पुढच्या वेळी थेंब सापडला की पुसायच्या आधी काळ्या प्लास्टिकवर घेऊन उन्हात ठेव. खडू राहिला तर कूलर, चिकट राहिला तर लूप. चाखून वगैरे बघू नको बाप्पा, विष असते ते.

जुना_मिस्त्री:
ही युक्ती भारी आहे, आमच्या पुण्यात कुणाच्या डोक्यात आली नसती.

कोथरूडचा_कॉपर:
वरचा रॅड पण तपासा. माझं स्वतःचं सांगतो, २५ मिमीच्या पंख्याला ३० मिमीचे एम३ स्क्रू येतात, त्यातले दोन हरवले म्हणून मी ड्रॉवरमध्ये पडलेले ३५ चे लावले, जरा जड गेला पण बसला म्हणून खूश. तो जड कशामुळे गेला ते आठवड्याने कळलं, स्क्रूचं टोक रॅडच्या नळीत घुसलं होतं आणि तिथून थेंब थेंब करत पाणी पंख्यावर, पंख्यावरून रॅमवर. रॅम वाचली, रॅड भंगारात. त्यामुळे थेंब जिथे दिसतो तिथेच गळती असते असं समजू नका, पाणी उतार बघून फिरतं.

आणि लोकांनी नॉन-कंडक्टिव्ह लिहिलेल्या बाटलीवर विसंबून राहू नये. नवं असताना वीज जवळजवळ वाहत नाही हे खरं, पण लूपमधून आणि मदरबोर्डावरच्या धुळीतून फिरलं की त्यात क्षार उतरतात.

नागपुरी_गेमर:
स्क्रू सगळे रॅडच्या खोक्यातलेच वापरले, ते मोजून लावले होते. मग आता नेमकं करू काय, लूप पूर्ण उघडू?

जुना_मिस्त्री:
उघडायच्या आधी हवेने तपास. लीक टेस्टर मिळतो, छोटा हातपंप आणि त्याला दाब दाखवणारं काट्याचं घड्याळ, जी १/४ च्या (लूपच्या भागांना असतो तो नेहमीचा आटा) कुठल्याही मोकळ्या पोर्टला बसतो. आधी लूप पूर्ण रिकामा कर, आत पाणी असताना हवा भरलीस तर ती पाणीच बाहेर ढकलेल, थेट कार्डावर. मग ०.५ बारपर्यंत भर आणि १५ मिनिटं सोड. गाडीच्या टायरचा कॉम्प्रेसर कुणी लावू नका, त्यात २ बारच्या वर हवा असते, अॅक्रिलिकचा रिझर्व्हॉयर हातात येईल.

काटा पडला तर लूपचे दोन भाग कर. एका फिटिंगला स्टॉप प्लग (बूच) लाव, अर्धा तपास, मग उरलेला अर्धा. सापडेपर्यंत अर्ध्याचे अर्धे करत जायचं. आणि सगळ्यात आधी टेस्टरच नुसता बंद करून त्याचा काटा टिकतो का बघ, स्वस्तातल्या टेस्टरची स्वतःचीच नळी गळते आणि माणूस दिवसभर लूपला शिव्या देतो.

पुन्हा भरशील तेव्हा पहिले २४ तास फक्त पंपालाच वीज दे, बोर्ड आणि कार्डाच्या वायरी काढून. बोर्डाशिवाय एसएमपीएस सुरू करायला त्याच्या २४ पिनच्या कनेक्टरवर १६ आणि १७ नंबर जोडायचे, त्याचा तयार जंपर मिळतो, पेपरक्लिपची हौस नको. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू गुंडाळ.

डोंबिवली_फास्ट:
कार्ड तांदळात ठेवू का विचारणारा अजून कसा नाही आला इथे 😄

कोथरूडचा_कॉपर:
तांदूळ नको, पंख्याखाली ठेवा. आणि आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसाल तर बोर्ड, बॅकप्लेट चालेल, पण अॅक्रिलिकच्या ब्लॉकला आणि रिझर्व्हॉयरला ते लावू नका, केसासारख्या चिरा पडतात. माझ्या मित्राने चकाचक करायला म्हणून पुसला आणि स्वतःच नवीन लीक तयार केला.

नागपुरी_गेमर:
अपडेट देतो, दोन दिवस यातच गेले.

लूप रिकामा करायच्या आधी मुद्दाम रात्री दोन तास गेम चालवला (मिस्त्री काका रागावू नका, समोर बसूनच होतो, हात स्विचवर). थेंब आलाच, त्याच जागी. काळ्या झाकणावर घेऊन गच्चीवर ठेवला, नागपूरच्या उन्हात अर्ध्या तासात वाळायला पाहिजे होता, दुपारीसुद्धा तसाच चिकट. काचेवरचे ठिपके मात्र खडू. म्हणजे दोन्ही खरं निघालं, कूलर पण आणि लीक पण.

टेस्टर मागवला, नुसता तपासला, टिकला. लूपला लावला तर ०.५ वरून पाच मिनिटांत ०.४८, मला वाटलं सापडला, पण तेवढ्यात आईने कूलर सुरू केला होता. पुन्हा हवा भरली तर काटा तिथेच थांबला आणि पंधरा मिनिटं हललाच नाही. डोकं फिरलं.

जुना_मिस्त्री:
कूलरने हवा थंड झाली म्हणून काटा पडला. पाच डिग्री उतरली तर ०.०२ जातातच, तो लीक नाही. पण थंड लूप टिकतोय आणि थेंब गरम असतानाच येतोय, म्हणजे रबर सैल होत असेल किंवा ट्यूब तापून मऊ पडली की फिटिंगवर ताण बदलत असेल. कार्डाच्या ब्लॉकवर ९० चं (काटकोनात वळलेलं) फिरतं फिटिंग आहे का? दाब ठेवून ते हलक्या हाताने फिरवून बघ.

नागपुरी_गेमर:
काका तुमचे पाय कुठे आहेत. कार्डातून बाहेर जाणारं ९० चं फिटिंग जरासं डावीकडे ढकललं आणि काटा सर्रकन ०.३ वर. काढून बघितलं तर खालची ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) खाचेतून निम्मी बाहेर आलेली आणि एका बाजूला चक्क चावा घेतल्यासारखी कापलेली. हे मीच केलंय, लावताना हाताने घट्ट वाटेना म्हणून कापड गुंडाळून पकडीने अजून अर्धा फेरा दिला होता, तिथेच रिंग चिरडली असणार. वर ट्यूब मी दोन सेंमी आखूड कापलेली, ती त्या फिटिंगला सतत एका बाजूला ओढत होती.

नवी रिंग घातली, ट्यूब लांब घेतली, या वेळी नुसतं बोटांनी आवळलं. फिटिंग हलवून, पिळून सगळं केलं, काटा जागचा हलला नाही. पंप कालपासून एकटा चालू आहे, टिश्यू सगळे कोरडे, रिझर्व्हॉयर या वेळी दोन बोटं रिकामा ठेवलाय. बॅकप्लेट काढून खाली बघितलं, बोर्डावर हिरवं पांढरं काही चढलेलं नाही.

वऱ्हाडी_माणूस:
चांगलं झालं राजेहो. आता तो कूलर तेवढा सरकव, नाही तर जूनपर्यंत रॅडच्या जाळीत चुना बसते.

नागपुरी_गेमर:
विचारलं घरी. आई म्हणते कूलर जिथे आहे तिथेच राहील, तुझा तो पाण्याचा डबा उचल आणि आतल्या खोलीत ने.