मूळ काय नि आधारित काय: ॲरिस्टॉटल कुठून सुरू करू? (बजेट ५०० रु.)

पॅटर्नवाला_शिरोली
नमस्कार मंडळी. मी फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करतो, कोल्हापुरात, २२ वर्षं झाली. पॅटर्नवरून वाळूत साचा, साच्यात वितळलेल्या लोखंडाचा रस, थंड झालं की कास्टिंग. ब्लोहोल, म्हणजे आत हवेचं भोक, निघालं की कास्टिंग फोडून परत भट्टीत. गेल्या महिन्यात एका पंपाचं हाउसिंग चार वेळा रिजेक्ट झालं. पॅटर्न तोच, लोखंडही बरंचसं तेच फिरत राहिलं, हाउसिंग मात्र चारही वेळा जगातून नाहीसं झालं. तेव्हापासून डोक्यात घोळतंय की या तिघांत खरं 'असणारं' कोण?
मुलीच्या बी.ए.च्या पुस्तकात वाचलं की ग्रीक लोकांचा हाच प्रश्न होता: स्वतःच्या पायावर उभं काय आणि दुसऱ्याच्या आधारानं असणारं काय. ॲरिस्टॉटलनं तर ब्राँझच्या पुतळ्याचंच उदाहरण घेतलंय म्हणे. मला ते त्याच्याच शब्दांत वाचायचंय. इंग्रजी सावकाश वाचतो, डिक्शनरी जवळ घेऊन. बजेट ५०० रुपये, वेळ रविवारचा. कुठलं पुस्तक घेऊ नि कुठून सुरू करू?

ग्रंथसंग्रह_ठाणे
एकदाच खर्च करा आणि प्रिन्स्टनचा दोन खंडांचा समग्र ॲरिस्टॉटल घ्या. जोनाथन बार्न्स यांनी संपादित केलेला, १९८४चा. अडीच हजारांच्या आसपास पानं आहेत, जन्मभर पुरतो. मी पुस्तक प्रदर्शनात पहिल्याच दिवशी उचलला. बजेट वाढवावं लागेल, पण सुटी पुस्तकं घेत बसलात तर तेवढेच पैसे जातात. अनुभव आहे.

मृण्मयी_कऱ्हाड
दादा, काय घ्यायचं ते इतर सांगतीलच, काय घेऊ नये ते मी सांगते. मी ऑनलाइन ॲरिस्टॉटलचं स्वस्तातलं 'मेटाफिजिक्स' मागवलं. अनुवाद कुणाचा ते कुठंच छापलेलं नाही, आणि समासातले बेक्कर आकडे गायब. इमान्युएल बेक्करनं १८३१ साली बर्लिनची आवृत्ती काढली, तिचा पान क्रमांक, रकाना आणि ओळ यांवरून जगभर ॲरिस्टॉटलचा दाखला देतात. '१०२८ए' म्हटलं की कुठल्याही भाषेतल्या अनुवादात तीच जागा सापडते. ते आकडे नसल्यामुळे अभ्यासगटात सगळे बोलत होते आणि मी पानं उलटत होते. विक्रेत्यानं परतही घेतलं नाही. आधी समास बघा, मग पैसे द्या.

अयुतसिद्ध
मूळ नि आधारित हा विषय आपल्या वैशेषिकांनी, म्हणजे वैशेषिक दर्शनाच्या तत्त्वज्ञांनी, इतका नेटका मांडलाय की आधी तो वाचावा असं मला मनापासून वाटतं. तर्कसंग्रह हे त्यावरचं छोटं पुस्तक घ्या, ५०० रुपयांत सहज बसेल, संस्कृत सोपं आहे. द्रव्य हा आश्रय, गुण आणि कर्म त्याच्या आश्रयानं राहणारे, आणि त्यांना द्रव्याशी बांधणारा संबंध तो समवाय. ॲरिस्टॉटल स्वतःच्या पायावर उभं असणाऱ्याला 'ऊसिया' म्हणतो, ते म्हणजे हेच द्रव्य.

ओंकार_बर्लिन
@अयुतसिद्ध, हेच नाही, आणि फरक वरवरचा नाही. वैशेषिकांच्या नऊ द्रव्यांत काल (म्हणजे काळ) आणि दिक् (दिशा) आहेत. ॲरिस्टॉटलच्या दहा कॅटेगरींमध्ये, म्हणजे असण्याच्या दहा प्रकारांत, 'कुठे' आणि 'केव्हा' यांना ऊसियाच्या बाहेर, वेगळ्या जागा आहेत. म्हणजे एकाकडे काळ स्वतः आधार आहे, तर दुसऱ्याकडे 'काल', 'गेल्या वर्षी' ही आधार असलेल्या वस्तूविषयी सांगायची गोष्ट. शिवाय ऊसिया हा शब्द 'असणे' या क्रियापदापासून येतो. मी 'सत्त्व' वापरतो.

अयुतसिद्ध
सत्त्व म्हटलं की मराठी माणसाला सत्त्व-रज-तम आठवतं किंवा गुळवेलीचं सत्त्व. द्रव्यच बरं. आणि व्यवहारातल्या ग्रीकमध्ये ऊसिया म्हणजे मालमत्ता, माणसाची इस्टेट. आपल्याकडेही 'द्रव्य' म्हणजे पैसाअडका. दोन्ही भाषांत घरातला शब्द तत्त्वज्ञानात गेला, इतका जुळणारा शब्द हाताशी असताना तो का सोडायचा?

ओंकार_बर्लिन
मालमत्तेचा मुद्दा बरोबर आहे, मान्य. तरी 'असणे' हरवतं त्याचं काय? त्याचा सगळा आटापिटा तर 'असणे' या शब्दाभोवतीच चाललाय.

वाटसरू_६८
आम्ही उभयता अथेन्सला जाऊन आलो. ॲरिस्टॉटलचं लायसियम, म्हणजे त्याची शाळा, जिथं होतं ती जागा प्रत्यक्ष बघितली. १९९६ साली संग्रहालय बांधण्यासाठी खणत होते तेव्हा सापडली. कुस्तीच्या आखाड्याच्या पायाचे दगड तेवढे उरलेत, भोवती गवत. जमलं तर जाऊन या, पुस्तकं आपोआप वाचवतात. समग्र संच मीही घेतलाय, चांगला आहे.

सूर्याची_उपमा
सगळे ॲरिस्टॉटलवर का अडून बसलेत? दादांचा धंदाच प्लेटोचा आहे. 'रिपब्लिक'च्या दहाव्या भागात तीन पलंग आहेत: एक देवानं केलेला, एक सुतारानं, एक चित्रकारानं. सुतार मूळ आकृतीकडे बघून पलंग करतो, चित्रकार सुताराच्या पलंगाकडे बघून. प्रत्येक पायरी वरच्या पायरीवर टेकलेली. दादा, तुमच्या पॅटर्नशिवाय कास्टिंग नाही, पण एकही कास्टिंग न काढता पॅटर्न असतोच ना? म्हणजे आधी कोण, ते ठरलं.
आणि प्लेटोचाच 'टिमिअस' वाचाच. त्यात ५०ए-बी या जागी तो म्हणतो, कुणी सोन्याचे नाना आकार सतत घडवत-मोडत राहिला आणि तुम्ही एकाकडे बोट दाखवून 'हे काय?' असं विचारलंत, तर सर्वांत सुरक्षित उत्तर 'सोनं' हे. तिथं घडवलेला त्रिकोण 'आहे' म्हणू नये, कारण म्हणेपर्यंत तो बदलतोय. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून तासभर गच्चीवर फिरत होतो.

पॅटर्नवाला_शिरोली
@सूर्याची_उपमा, सोन्याचं वाचून अंगावर काटा आला, आमच्या भट्टीजवळ उभं राहून लिहिल्यासारखं आहे. पण तुमच्या पहिल्या मुद्द्यावर अडतो. पॅटर्नशिवाय कास्टिंग होत नाही हे खरं. पण झाल्यावर? १५ वर्षांपूर्वी गोडाऊनला आग लागून माझे ६० पॅटर्न जळाले. त्यांच्यापासून निघालेले पंप आजही कुणाच्या तरी विहिरीवर चालू असतील. मग टेकलंय कोण कुणावर?

सूर्याची_उपमा
तुमचा पॅटर्न लाकडाचा, म्हणून जळला. प्लेटोची आकृती जळत नाही. तुमचा पॅटर्न हासुद्धा सुताराचाच पलंग आहे, मूळ आकृती त्याच्याही मागे.

संध्या_तर्क
मी २६ वर्षं महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. पॅटर्नवाले, तुम्ही 'होण्यासाठी लागणं' आणि 'असण्यासाठी लागणं' यांत जो फरक केलात, त्यासाठी माझ्या विद्यार्थ्यांना अर्धं वर्ष लागायचं.
ॲरिस्टॉटलच्या 'कॅटेगरीज' या छोट्या ग्रंथापासून सुरुवात करा. बेक्करची अवघी १५ पानं आहेत. दुसऱ्या प्रकरणात तो दोन प्रश्न विचारतो. ही गोष्ट कशाविषयी 'सांगितली' जाते का? आणि ही कशाच्या तरी 'ठायी' असते का? 'घोडा' हा शब्द या घोड्याविषयी सांगितला जातो. पांढरेपणा अंगाच्या ठायी असतो, अंग सोडून नुसता हवेत राहत नाही. दोन्ही प्रश्नांना 'नाही' असं उत्तर येतं ते फक्त हा एक घोडा, हा एक माणूस यांच्या बाबतीत. तेच प्राथमिक ऊसिया. पाचव्या प्रकरणात निकाल दिलाय की ते नसतील तर बाकी काहीच असू शकणार नाही. प्लेटोची सगळी उतरंड इथं उलटी होते: वर बसलेला 'घोडा' खाली, गोठ्यातला घोडा मुळाशी.
बारावं प्रकरणही सोडू नका. माणूस आहे तर 'माणूस आहे' हे विधान खरं, आणि विधान खरं तर माणूस आहे. दोन्ही बाजूंनी सारखंच ओघानं येतं. तरी माणूस आहे म्हणून विधान खरं ठरतं, विधान खरं म्हणून माणूस असत नाही. नुसतं 'याच्याविना ते नाही' असं म्हणून आधार कोण हे कळत नाही, हे त्याला दिसलं होतं.
अनुवाद ॲक्रिल यांचा घ्या, ऑक्सफर्ड, १९६३. टिपा उत्तम आहेत. नवा महाग पडेल, जुना मिळतो का बघा.

ग्रंथसंग्रह_ठाणे
ॲक्रिल यांचा 'कॅटेगरीज' मी सांगितलेल्या संचातही आहे. वेगळा घ्यायची गरज नाही.

वाचीन_म्हणते
माझ्याकडे लोएब या मालिकेतलं हिरवं पुस्तक आहे, डावीकडे ग्रीक, उजवीकडे इंग्रजी. ग्रीक येत नाही, तरी तीच अक्षरं पुन्हा पुन्हा दिसली की ओळखीची होतात. ऊसिया मी आता लांबून ओळखते. लोएबच घ्या. आणि 'कॅटेगरीज'पासूनच सुरू करा, संध्याताई म्हणतात तसं.

ओंकार_बर्लिन
सुरुवात 'कॅटेगरीज'पासूनच. फक्त एक सांगतो, कारण यांचा प्रश्न लोखंडाचा आहे: 'कॅटेगरीज'मध्ये जडद्रव्याची, ग्रीक 'हूले'ची, कल्पनाच येत नाही. घोडा तिथं अखंड आहे, त्याचे साहित्य आणि आकार असे दोन पदर तो उलगडत नाही. ते 'मेटाफिजिक्स'च्या सातव्या भागात, म्हणजे 'झीटा'त. पण झीटा अवघड आहे, मुरलेले अभ्यासकही तिथं ठेचकाळतात. एकदम तिथं जाऊ नका.

अयुतसिद्ध
'हूले'चा मूळ अर्थ लाकूड, हे पॅटर्नवाल्यांना आवडेल. तरी तर्कसंग्रह वाचाच.

पॅटर्नवाला_शिरोली
सगळ्यांचे आभार. तुम्ही नको म्हणालात तेच केलं, रागावू नका. 'कॅटेगरीज'मध्ये लोखंडच नसेल तर माझा प्रश्न तिथं बसत नाही. रॉस यांचा 'मेटाफिजिक्स'चा जुना अनुवाद नेटवर फुकट मिळाला. त्यातला फक्त झीटा, सतराच्या सतरा प्रकरणं, चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट करून स्पायरल मारून घेतला. सगळे मिळून १४० रुपये. मृण्मयीताईंचं ऐकून बेक्कर आकडे पेन्सिलीनं समासात उतरवतोय, १०२८ए पासून.
तीन रविवारांत तिसरं प्रकरण झालं. तिथं तो वस्तूवरचं एकेक काढत जातो, शेवटी लांबी-रुंदी-खोलीसुद्धा काढतो. मग उरतं ते नुसतं साहित्य, ज्याला 'हे अमुक' म्हणता येत नाही. मला वाटलं, झालं, भट्टीतला रस जिंकला. पण तो म्हणतो, अशक्य. ऊसिया व्हायचं तर वेगळं उभं राहता आलं पाहिजे आणि 'हे' म्हणून बोट दाखवता आलं पाहिजे. रसाकडे बोट दाखवून मी 'हे' म्हणालो तरी माझं बोट लॅडलकडेच, रस ओतायच्या पळीकडेच असतं, हे मला त्या दिवशी कामावर उभं असताना पटलं.
मग धीर धरवला नाही, शेवटचं प्रकरण उघडलं. 'बा' म्हणजे नुसते ब आणि आ नव्हेत. अक्षर फुटलं तर 'बा' जातो, ब आणि आ राहतात. म्हणजे त्यात आणखी काहीतरी आहे, आणि ते तिसरं अक्षर नाही, नाहीतर त्यालाही जोडायला चौथं लागेल. ज्यामुळे ते दोन 'बा' होतात, ते. माझं हाउसिंग चार वेळा गेलं तेव्हा नक्की काय गेलं, याचं उत्तर तिथं आहे असं वाटतंय, अजून हाताला लागलेलं नाही.

संध्या_तर्क
पॅटर्नवाले, क्रम माझा मोडलात, पण वाचलंत नीट. आता सातवं प्रकरण काढा, १०३३ए. तिथं तो म्हणतो की पुतळ्याला 'लाकूड' म्हणत नाहीत, 'लाकडी' म्हणतात. साहित्य विशेषण होऊन मागे सरकतं.

पॅटर्नवाला_शिरोली
बाई, आमच्या चलनावर रोज 'लोखंडी हाउसिंग, नग १' असंच लिहितो. २२ वर्षं लिहितोय. या रविवारी तेच प्रकरण.